दहा बाय बाराच्या खोलीत सिनेमा

होम थिएटरमध्ये बसलेल्या माणसाच्या कानावर आवाज दोन वाटांनी येतो. एक वाट सरळ, स्पीकरपासून कानापर्यंत. दुसरी आडवळणाची, भिंत, छत नाहीतर फरशी यांवर आपटून. चित्रपटगृह मोठे असते, त्याच्या भिंतींना आवाज शोषणारे अस्तर असते आणि परावर्तित आवाजाला दूरवरून यावे लागते. घरातल्या खोलीत भिंत हाताच्या अंतरावर असते. परावर्तित आवाज थेट आवाजाच्या पाठोपाठ, सेकंदाच्या काही सहस्रांशांत येऊन त्यात मिसळतो. त्यामुळे संवाद पुसट होतात, आवाजाची दिशा कळेनाशी होते, बास एका खुर्चीवर छाती हादरवतो आणि शेजारच्या खुर्चीवर नाहीसा होतो. स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर बदलून हे दोष जात नाहीत, कारण ते खोलीचे असतात. आवाज शोषणारी पॅनेले हा त्यांवरचा उपाय आहे. मात्र पॅनेलाचा गुण येतो तो त्याच्या जागेतून आणि जाडीतून. चुकीच्या जागी लावलेली वीस पातळ पॅनेले योग्य जागेच्या सहा जाड पॅनेलांची बरोबरी करू शकत नाहीत.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये होम थिएटरच्या वाट्याला बहुधा एक बेडरूम येते. म्हणून पुढील सारे हिशेब १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच खोलीचे आहेत. मीटरमध्ये ही मापे ३.०५, ३.६६ आणि २.९ होतात. पडदा दहा फुटी भिंतीवर आहे, प्रेक्षक तिच्याकडे तोंड करून बसतात आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आहे.

रिकामी खोली

खोलीतला आवाज किती वेळ रेंगाळतो हे मोजण्याची रीत हार्वर्ड विद्यापीठातले तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी घालून दिली. १८९५ साली तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नव्हते, कारण प्रत्येक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिन यांनी दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि गाद्यांची संख्या वाढवत आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचे, ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचे. उत्तर सेकंदांत येते. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा हा वेळ म्हणजे निनादकाल.

आपल्याकडच्या खोल्यांची अडचण या सूत्रात लगेच दिसते. भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, वर गुळगुळीत गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल, डोक्यावर आरसीसी स्लॅब. यांतला प्रत्येक पृष्ठभाग आवाजाचा फार तर दोन-तीन टक्के भाग शोषतो. लाकडी दार आणि खिडकीची काच धरून सरासरी चार टक्के मानली, तर ६१ चौरस मीटर पृष्ठभागाच्या या खोलीत एकूण शोषण अडीच चौरस मीटरच्या आत राहते आणि निनादकाल दोन सेकंदांच्या वर जातो. सिनेमाचा संवाद नीट ऐकू येण्यासाठी तो ०.२ ते ०.४ सेकंदांत हवा. युरोपीय प्रसारण संघटनेने श्रवणकक्षांसाठी हीच मर्यादा घातली आहे.

अमेरिकेतल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. त्या खालच्या स्वरांना किंचित थरथरतात आणि थोडा बास गिळतात, थोडा बाहेर जाऊ देतात. काँक्रीटची भिंत असे काही करत नाही, ती बास जवळजवळ पूर्ण परत फेकते. म्हणून परदेशी पुस्तकांतली पॅनेलांची संख्या आपल्या खोलीला, विशेषतः बासच्या बाबतीत, कमी पडते.

शोषणे वेगळे, अडवणे वेगळे

पॅनेल लावले की शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही, हा समज सर्रास आढळतो आणि त्यावर पैसा वाया जातो. पॅनेल खोलीच्या आतले परावर्तन कमी करते. भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागते आणि हवाबंदपणा लागतो: जड भिंत, भरीव दार, दाराखालची फट बुजवणारी रबरी पट्टी, दुहेरी काचेची खिडकी. सबवूफरची थरथर तर फरशीतून आणि स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोचते, तिला सबवूफरखालची मऊ बैठक थोडीफार तोडते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती पाळण्याचे काम दार-खिडक्यांचे आणि आवाजाच्या बटणाचे आहे, पॅनेलाचे नाही.

जाडीचे गणित

सच्छिद्र पदार्थात हवेचे कण हलतात, तंतूंवर घासतात आणि ध्वनीच्या ऊर्जेची किंचित उष्णता होते. रॉकवूल, ग्लासवूल, दाट पॉलिएस्टर, गाद्या आणि पडदे सगळे याच तत्त्वावर काम करतात. आता भिंतीला चिकटून असलेली हवा हलूच शकत नाही, कारण पुढे भिंत आहे. कणांची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, म्हणून हे अंतर साडेआठ सेंटिमीटर येते. १०० हर्ट्झला तेच ८६ सेंटिमीटर आणि ४० हर्ट्झला दोन मीटरच्या वर जाते.

व्यवहारात एवढी खोली लागत नाही. पॅनेल आणि त्यामागची पोकळी मिळून तरंगलांबीच्या एक दशांशाच्या आसपास गेली की शोषण बऱ्यापैकी मिळू लागते. एक इंची फोम या हिशेबाने १३०० हर्ट्झच्या वर कामाला येतो, म्हणजे तो उच्चारांतले स, श आणि झांजेचा झणत्कार खातो, पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा आणि बास यांना हातही लावत नाही. सगळ्या भिंती अशा फोमने मढवल्या तर खोली वरच्या स्वरांना मुकी आणि खालच्या स्वरांना घुमरी होते. अनेक हौशी होम थिएटरांत कान दडपल्यासारखे वाटते आणि तरीही बास गडगडत राहतो, त्याचे कारण हेच. बाजारात रंगीबेरंगी मिळणारी ९ मिलिमीटरची पॉलिएस्टर शीट शोभेला चांगली असते, ध्वनीच्या हिशेबात ती याहून पातळ पडते. अंड्यांचे ट्रे तर हिशेबात धरण्याजोगेही नाहीत.

चार इंची रॉकवूल स्लॅब आणि मागे दोन ते चार इंच पोकळी ही छोट्या खोलीसाठी सर्वांत गुणकारी जोडी आहे. पोकळी फुकट मिळते आणि तिच्यामुळे तेच पॅनेल अधिक खालच्या स्वरापर्यंत पोचते. घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेचे रॉकवूल पुरते. त्याहून फार दाट माल घेतला तर जाड पॅनेलात ध्वनी आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरूनच परतू लागतो.

विक्रेते पॅनेलाची ताकद एनआरसी या आकड्याने सांगतात. हा आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी आहे. २५० हर्ट्झच्या खाली पॅनेल काय करते, याविषयी तो काहीच सांगत नाही. बासच्या तक्रारीवर उपाय शोधणाऱ्याने १२५ हर्ट्झचा आकडा वेगळा विचारावा.

आधी सोफा, मग स्पीकर

पॅनेलाची जागा ऐकणाऱ्याच्या आणि स्पीकरच्या जागेवरून ठरते, म्हणून त्या दोन जागा आधी पक्क्या कराव्या लागतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बासच्या ठरावीक स्वरांचे अनुनाद तयार होतात. ध्वनीच्या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की सर्वांत खालचा स्वर मिळतो. या खोलीत लांबीचा अनुनाद ४७ हर्ट्झला, रुंदीचा ५६ला आणि उंचीचा ५९ला येतो. शेवटचे दोन एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे त्या पट्ट्यात खोली जास्त घुमते. खोली चौरस असती तर लांबी-रुंदीचे दोन्ही अनुनाद एकाच स्वरावर बसले असते आणि दुखणे आणखी वाढले असते.

अनुनादाचा दाब भिंतीपाशी कमाल असतो आणि त्याच्या मूळ स्वरात खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर बास फुगतो, बरोबर मध्यावर आणला तर ४७ हर्ट्झचा स्वर ऐकूच येत नाही. पुढच्या भिंतीपासून लांबीच्या ६२ टक्क्यांवर डोके येईल अशी बैठक हा चांगला मध्यममार्ग आहे. इथे ते अंतर सुमारे २.२७ मीटर येते आणि मागे जवळपास साडेचार फूट उरतात. फ्लॅटमध्ये एवढी जागा सोडणे जिवावर येते, पण सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट जरी पुढे घेतला तरी फरक पडतो आणि त्याला खर्च नाही.

डावा आणि उजवा स्पीकर पुढच्या भिंतीपासून ४० सेंटिमीटर आणि आपापल्या बाजूच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटर ठेवले, तर ऐकणाऱ्याच्या नजरेच्या रेषेशी त्यांचा कोन सुमारे २६ अंश होतो. डॉल्बीने समोरच्या स्पीकरांसाठी २२ ते ३० अंशांची शिफारस केली आहे, तिच्यात हे बसते. सबवूफरची जागा सोप्या युक्तीने सापडते. सबवूफर क्षणभर सोफ्यावर ठेवून बासचा तुकडा वाजवायचा आणि भिंतींच्या कडेकडेने जमिनीजवळ कान नेत फिरायचे. जिथे बास सर्वांत एकसारखा वाटेल तिथे सबवूफर न्यायचा. दोन सबवूफर असतील तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ते एकमेकांचे अनुनाद बरेच शमवतात. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली अनेक सबवूफरांच्या मांडण्या तपासून भिंतींच्या मध्यबिंदूंची बाजू घेतली होती.

कोपरे: बासचा बंदोबस्त

पॅनेलांचा पहिला मान कोपऱ्यांचा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे एकाहून अधिक अनुनादांचा दाब एकत्र साठतो, म्हणून तिथे लावलेला जाड थर अनेक स्वरांवर एकदम काम करतो. दोन फूट रुंद पॅनेल कोपऱ्यात तिरके, दोन्ही भिंतींना टेकवून उभे केले की त्याच्या मध्यामागे सुमारे ३० सेंटिमीटर पोकळी आपोआप मिळते. ही पोकळी रॉकवूलच्या त्रिकोणी तुकड्यांनी भरून काढली तर गुण वाढतो. फरशीपासून वरपर्यंत चार फुटांची दोन पॅनेले एकावर एक बसतात.

चार उभ्या कोपऱ्यांपैकी एकात बहुधा दार उघडते. तिथे भिंत आणि छत यांच्या सांध्यात आडवे पॅनेल टांगता येते. तोही कोपराच आहे आणि तिथे जमिनीवरची जागा अडत नाही. मागच्या भिंतीवर माळा असेल तर त्याची पोकळी रॉकवूलने भरून पुढे कापड लावणे, हा फ्लॅटमधला फारसा न वापरला जाणारा पण फार उपयोगी मार्ग आहे.

असे कोपरे ८०-१०० हर्ट्झपर्यंत चांगले काम करतात. त्याखाली, म्हणजे या खोलीच्या ४७ ते ५९ हर्ट्झच्या पट्ट्यात, सच्छिद्र पदार्थाची ताकद ओसरते. तिथे पडद्यासारखे थरथरणारे बंद खोके लागते: मागे हवाबंद पोकळी आणि पुढे पातळ प्लायवूड. त्याचा स्वर ठरवायचे ढोबळ सूत्र असे: प्लायवूडचे दर चौरस मीटर वजन किलोत आणि पोकळीची खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ६० ला त्याने भागायचे. चौरस मीटरला ३.६ किलो वजनाचे प्लायवूड आणि दहा सेंटिमीटर पोकळी यांचे खोके १०० हर्ट्झला काम करते. ५० हर्ट्झसाठी हा गुणाकार चौपट करावा लागतो, म्हणजे खोके मोठे आणि जड होते. छोट्या खोलीत त्यापेक्षा सोफ्याची जागा आणि दुसरा सबवूफर यांवर भिस्त ठेवणे परवडते.

बाजूच्या भिंती: आरशाची कसोटी

दुसरा मान पहिल्या परावर्तनांच्या जागांचा. स्पीकरमधून निघून एकदाच भिंतीवर आपटून कानापर्यंत येणारा आवाज सर्वांत जोरकस असतो, त्यामुळे सर्वांत जास्त गोंधळ तोच करतो. ही जागा शोधायला दोन माणसे आणि एक हातआरसा पुरतो. एकाने सोफ्यावर नेहमीच्या जागी बसायचे. दुसऱ्याने कानाच्या उंचीवर, बाजूच्या भिंतीला सपाट चिकटवून आरसा पुढून मागे सरकवायचा. बसलेल्याला ज्या ठिकाणी आरशात डाव्या स्पीकरचा ट्वीटर दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, मग उजवा स्पीकर दिसेल तिथे दुसरी. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर हेच पुन्हा. मधल्या स्पीकरचीही खूण करून घ्यावी, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. एकाहून अधिक जण बसणार असतील तर टोकाच्या जागांवरूनही पाहावे. खुणांचा जो पट्टा तयार होतो, तो पॅनेलाचा पट्टा.

आपल्या खोलीत भूमितीने हा पट्टा आधीच काढता येतो. डाव्या भिंतीवर डाव्या स्पीकरची खूण पुढच्या भिंतीपासून तीन फुटांवर पडते आणि उजव्या स्पीकरची पाच फुटांवर. दोन फूट रुंद, चार फूट उंच अशी दोन पॅनेले शेजारी-शेजारी उभी लावली की दोन फुटांपासून सहा फुटांपर्यंतची भिंत झाकली जाते आणि दोन्ही खुणा आत येतात. पॅनेलाचा मध्य बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे फरशीपासून साधारण साडेतीन फुटांवर ठेवावा.

जाडीही याच भूमितीतून निघते. डाव्या स्पीकरचा थेट आवाज २.०९ मीटर चालतो, डाव्या भिंतीवरून आलेला २.८३ मीटर. फरक पाऊण मीटरचा, म्हणजे सुमारे दोन सहस्रांश सेकंदाचा. इतक्या जवळ आलेला आवाज कानाला प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येत नाही. हेल्मुट हास यांनी १९४९च्या आपल्या प्रबंधात दाखवले की सुमारे ३० सहस्रांश सेकंदांच्या आत आलेली आवाजाची प्रत कान मूळ आवाजातच जिरवतो. मात्र जिरताना ती मूळ आवाजाचा पोत बदलते. फरक ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीइतका असतो तो स्वर खचतो. इथे ती खाच २३० हर्ट्झच्या आसपास पडते, मग ६९०ला, मग ११५०ला. २३० हर्ट्झची तरंगलांबी दीड मीटर, तिचा दशांश १५ सेंटिमीटर. चार इंचांचे पॅनेल आणि दोन इंचांची पोकळी मिळून तेवढेच होतात. इथे एक इंची फोम लावला तर वरच्या खाचा पुसट होतात आणि पहिली तशीच राहते.

डावी आणि उजवी बाजू सारखी हवी. एका बाजूला पॅनेल आणि दुसऱ्या बाजूला सनमायका लावलेले कपाट असेल तर आवाजाचे चित्र कपाटाकडे सरकते. फ्लॅटमध्ये खिडकी नेमकी खुणेच्या जागी येणे ही नेहमीची गोष्ट आहे. पडदा, तो जाड मखमलीचा आणि भरपूर चुण्यांचा असला तरी, मधल्या आणि वरच्या स्वरांपुरताच उपयोगी. पायांवर उभे राहणारे फिरते पॅनेल अशा वेळी खिडकीपुढे ठेवता येते आणि सिनेमा संपल्यावर बाजूला करता येते. दार आड येत असेल तर दाराच्या फळीवरच दोन इंची पॅनेल बसवावे.

बाजूच्या परावर्तनांविषयी जाणकारांत मतभेद आहेत. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांचे म्हणणे असे की, स्पीकर चांगला असेल, म्हणजे तो कडेलाही समोरच्यासारखाच एकसंध आवाज फेकत असेल, तर बाजूचे परावर्तन ऐकणाऱ्याला मोकळेपणाचा आनंद देते आणि ते पूर्ण मारू नये. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंची परंपरा उलट आहे. तिथे पहिल्या १५ सहस्रांश सेकंदांतले परावर्तन थेट आवाजापेक्षा निदान १० डेसिबलने खाली हवे असते. दोन्ही मतांना आधार आहे. दहा फुटी खोलीत मात्र भिंत फार जवळ असते आणि मोकळेपणाचे काम बाजूचे व मागचे सराउंड स्पीकर करतात. त्यामुळे इथे शोषणाचे पारडे जड ठरते.

छत आणि फरशी

छतावरचे परावर्तन स्पीकर आणि बैठक यांच्या बरोबर मध्यावर होते, कारण ट्वीटर आणि कान जवळपास एकाच उंचीवर असतात. या खोलीत ती जागा पुढच्या भिंतीपासून सुमारे साडेचार फुटांवर येते. तिथे दोन पॅनेले आडवी, स्लॅबपासून दोन-चार इंच खाली टांगावीत. वाटेत पंखा येतो. होम थिएटरच्या खोलीतला पंखा काढणेच इष्ट, कारण त्याच्या पात्यांची घरघर शांत प्रसंगांतले बारीक आवाज झाकते. डॉल्बी अ‍ॅटमॉस या ध्वनिपद्धतीचे छतातले स्पीकर असतील तर पॅनेलांची मांडणी त्यांना मोकळे ठेवून करावी.

पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर पॅनेलाचा भार टाकू नये. चार इंची पॅनेलाचे वजन चौकटीसह सहा-सात किलो भरते. ते थेट आरसीसी स्लॅबमध्ये ठोकलेल्या अँकर फास्टनरला अडकवावे आणि प्रत्येक पॅनेलाला एक जादा सुरक्षा तार द्यावी.

फरशीला पॅनेल नसते. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या टाइलवर जाड गालिचा, त्याखाली नमदा, एवढे पुरे. समोर काचेचा टीपॉय ठेवू नये, तो फरशीचेच काम करतो आणि तेही कानाच्या आणखी जवळ.

पुढची आणि मागची भिंत

मागची भिंत ऐकणाऱ्यापासून १.३९ मीटरवर आहे. तिच्यावरून परतलेला आवाज सुमारे आठ सहस्रांश सेकंदांनी येतो आणि ६२ हर्ट्झच्या आसपासचा बास कापतो. मागची भिंत जितकी जवळ, तितका कापला जाणारा स्वर वर सरकतो. सोफा भिंतीपासून फूटभर अंतरावर असेल तर तो २८० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे थेट माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. म्हणून मागच्या भिंतीवरची पॅनेले शक्यतो सहा इंची असावीत. डोक्यामागे, कानाच्या उंचीवर, शेजारी-शेजारी तीन.

मागच्या भिंतीवर विखुरक, म्हणजे डिफ्यूझर, लावण्याची हौस अनेकांना असते. वेगवेगळ्या खोलीच्या लाकडी खाचांचे हे फलक आवाज शोषत नाहीत, सगळीकडे पसरवतात. त्यांचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९७०च्या दशकात अंकशास्त्राच्या आधारे मांडले. पण पसरलेल्या लहरी एकमेकांत मिसळायला अंतर लागते आणि दीड मीटरपेक्षा कमी अंतरावर ते मिळत नाही. बारा फुटांच्या खोलीत डिफ्यूझरचा मोह टाळून मागे शोषणच ठेवणे हिताचे. पुस्तकांनी अर्धेमुर्धे भरलेले उघडे कपाट मात्र मागच्या कोपऱ्याजवळ चालते.

पुढच्या भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर असलेल्या स्पीकरचा आवाज त्या भिंतीवरून परतून २१४ हर्ट्झला खाच पाडतो. स्पीकरच्या मागे प्रत्येकी एक चार इंची पॅनेल ती उथळ करते. वरचे स्वर स्पीकर पुढेच फेकतो, त्यामुळे इथे पातळ फोमचा काहीच उपयोग नाही. पडद्याशेजारची पॅनेले काळ्या, न चकाकणाऱ्या कापडाची असावीत, म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड त्यांवरून परतून चित्र फिके करत नाही.

किती लावावीत

सोफा, गालिचा, पडदे आणि दोन-तीन माणसे धरली तर या खोलीचे शोषण सुमारे ८ चौरस मीटरवर जाते आणि निनादकाल ०.६५ सेकंदांपर्यंत उतरतो. तो ०.३ वर आणायला १७.४ चौरस मीटर शोषण लागते. म्हणजे साडेनऊ चौरस मीटर पॅनेले, चार बाय दोनची बारा-तेरा. वर सांगितलेली सगळी धरली, तीन कोपऱ्यांत सहा, बाजूंना चार, मागे तीन, छताला दोन, पुढे दोन, तर सतरा होतात आणि निनादकाल ०.२५ च्या जवळ येतो. खोलीच्या एकूण पृष्ठभागाचा हा पाचवा भाग आहे. सॅबिनचे सूत्र मोठ्या दालनांसाठी जन्मले, छोट्या खोलीत ते ढोबळच उत्तर देते, पण अंदाजाला ते पुरते.

उरलेल्या मोकळ्या भिंती मोकळ्याच राहू द्याव्यात. टाळी वाजवल्यावर दोन भिंतींत आवाज टर्रर्र असा नाचत असेल, तर जिथे दोन्ही भिंती उघड्या आहेत तिथे एका बाजूला एक पॅनेल पुरते. समोर दुसरे लावायची गरज नसते. कोपऱ्यांतली पॅनेले वरचे स्वर जास्त खात आहेत असे वाटले तर त्यांच्या कापडाआड पातळ प्लास्टिकचा कागद ताणावा. वरचे स्वर त्यावरून परततात, बास त्यातून आत जातो.

पॅनेलाची बांधणी

सुताराकडून करून घेतलेले पॅनेल तयार पॅनेलाइतकेच चांगले होते. पाइनच्या चार इंची पट्ट्यांची चौकट, आत रॉकवूल, पुढे कापड. मागची बाजू उघडी ठेवावी किंवा तिथेही कापडच लावावे. सुतार मजबुतीसाठी मागे प्लायवूड ठोकतात आणि मग पोकळी निरुपयोगी होते. मजबुती कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे बसवून मिळवावी. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. श्वास सहज पलीकडे गेला तर ते चालेल. केसमेंट किंवा सैल विणीचा तागाचा कपडा या कसोटीत उतरतो, रेक्झिन उतरत नाही. रॉकवूलचे तंतू त्वचेला आणि घशाला टोचतात, म्हणून कापताना हातमोजे आणि मास्क घालावेत आणि बाहेरच्या कापडाखाली काळ्या ग्लास टिश्यूचा थर द्यावा.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यापूर्वी भिंत तपासणे हे पॅनेलाइतकेच महत्त्वाचे. रॉकवूलला बुरशी सहजी लागत नाही, कापडाला आणि लाकडाला लागते. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर आधी गळती बंद करावी, मग पॅनेल पोकळी सोडून टांगावे, म्हणजे मागून हवा खेळती राहते. पॅनेल काढता येईल असे, तिरक्या कापलेल्या दोन लाकडी पट्ट्यांच्या खाचेवर अडकवले तर दर पावसाळ्यानंतर मागची बाजू पाहता येते.

आगीचा प्रश्न सर्वांत गंभीर. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने भिंतींवरचा पॉलियुरेथेन फोम पेटला आणि शंभर माणसे मृत्युमुखी पडली. साधा फोम झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. एकच दार असलेल्या बंद खोलीत तो लावू नये. रॉकवूल दगडाच्या तंतूंचे असल्याने जळत नाही. कापड अग्निरोधक प्रक्रिया केलेले घ्यावे आणि पॅनेलाआडून वीजतारांचे उघडे जोड नेऊ नयेत.

मोजणी

कानांना दोष कळतो, पण त्याचे कारण नेहमी कळत नाही. रूम ईक्यू विझार्ड हा मोफत संगणक-प्रोग्राम आणि एक यूएसबी मोजमाप-मायक्रोफोन यांनी ते घरबसल्या सापडते. मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवावा आणि एकही पॅनेल लावण्याआधी पहिले मोजमाप जपून ठेवावे. मग कोपरे, बाजू, मागची भिंत, छत, पुढची भिंत या क्रमाने प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजावे. पाहायच्या गोष्टी तीन: बासचे उंचवटे आणि खळगे किती आहेत, प्रत्येक स्वर किती वेळ रेंगाळतो, आणि २५० ते ४००० हर्ट्झपर्यंत निनादकाल सारखा आहे का. वरच्या स्वरांचा निनादकाल खालच्यांच्या निम्म्यावर आला असेल तर पातळ पॅनेले जास्त झाली आहेत. ती काढून तोच माल कोपऱ्यांत जाड थर म्हणून वापरावा.

रिसीव्हरमधली आपोआप दुरुस्ती सर्वांत शेवटी चालवावी. बासचे उंचवटे ती कापू शकते. खळगा मात्र ती भरू शकत नाही, कारण परावर्तनाने खोडलेल्या स्वरात जितका जोर घालावा तितकाच जोर परावर्तनातही जातो. खळग्यावर सोफा, सबवूफर आणि जाड पॅनेल यांचाच इलाज चालतो. पुढच्या पॅनेलाने आलेखात फरक दिसेनासा झाला की खोलीचे काम पूर्ण झाले असे समजावे.